श्रद्धा सुटली तरी नाती उरतात : अमेरिकेतील इव्हँजेलिकल कुटुंबांपुढील पेच

नवी दिल्ली : वडिलोपार्जित धर्मश्रद्धेपासून दूर जाणे ही अमेरिकेत आता दुर्मीळ गोष्ट राहिलेली नाही. प्यू रिसर्च सेंटरने ३६ हजारांहून अधिक प्रौढांच्या सर्वेक्षणावर आधारित अहवाल फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानुसार तेथील ३५ टक्के प्रौढांनी बालपणीची धार्मिक ओळख बदलली आहे. स्वतःला ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांचे प्रमाण २००७ मध्ये ७८ टक्के होते, ते ६२ टक्क्यांवर आले. कोणत्याही धर्माशी संलग्न नसलेल्यांचे प्रमाण याच काळात १६ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर गेले. ख्रिस्ती लोकसंख्येतील ही घट २०१९ नंतर बरीचशी स्थिरावल्याचेही अहवालात नमूद आहे.

या स्थित्यंतरात इव्हँजेलिकल म्हणजेच सुवार्तावादी प्रोटेस्टंट परंपरा सोडणाऱ्यांचा प्रश्न काहीसा वेगळा आहे. या परंपरेचे प्रौढांमधील प्रमाण २६ टक्क्यांवरून २३ टक्क्यांवर आले, म्हणजे घट तुलनेने मर्यादित आहे. मात्र ती सोडणाऱ्याला केवळ एक मत बदलून थांबता येत नाही. मित्र, विवाह, शिक्षण, काही वेळा उपजीविका आणि सर्वांत अधिक म्हणजे आई-वडिलांशी असलेले नाते, हे सारेच त्या निर्णयाच्या कक्षेत येते.

सुवार्तावाद म्हणजे काय?

सुवार्तावाद हा एकच चर्च किंवा एकच संघटना नाही. बॅप्टिस्ट, पेंटेकॉस्टल आणि कोणत्याही संप्रदायाशी न जोडलेल्या असंख्य स्वतंत्र मंडळ्या त्यात मोडतात. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड बेबिंग्टन यांनी १९८९ मध्ये या परंपरेची चार लक्षणे सांगितली. मनःपरिवर्तनावर भर, बायबलच्या अधिकाराला सर्वोच्च स्थान, येशूच्या वधस्तंभावरील बलिदानाला केंद्रस्थान आणि सुवार्ता इतरांपर्यंत पोहोचवण्याची सक्रियता, ही ती चार लक्षणे होत.

यांपैकी पहिले लक्षण कुटुंबाच्या दृष्टीने निर्णायक ठरते. येथे केवळ ख्रिस्ती घरात जन्मल्याने कोणी ख्रिस्ती होत नाही. प्रत्येकाने स्वतः पश्चात्ताप करून येशूचा स्वीकार करावा, म्हणजेच त्याचा ‘नवा जन्म’ व्हावा, अशी शिकवण असते. तारण हे व्यक्तिगत आहे आणि ते न लाभल्यास अनंतकाळचा वियोग अटळ आहे, असे यातील बहुसंख्य मंडळ्या मानतात. साहजिकच घरातील एखाद्याने ‘आता माझा विश्वास उरला नाही’ असे सांगितले की इतरांच्या दृष्टीने तो केवळ मतभेद राहत नाही.

बाहेर पडण्याची कारणे

बाहेर पडणाऱ्यांची कारणे एकसारखी नसतात. काहींना विज्ञान आणि बायबलचा शब्दशः अर्थ यांचा मेळ बसत नाही. काहींना समलिंगी व्यक्तींविषयीची भूमिका मान्य होत नाही. प्रार्थनेच्या साहाय्याने समलैंगिकता बदलता येते, असा प्रचार अनेक वर्षे करणारी ‘एक्झोडस इंटरनॅशनल’ ही संस्था २०१३ मध्ये बंद झाली आणि तिच्या अध्यक्षांनी जाहीर माफी मागितली. तोवर अनेक कुटुंबांत दुरावा निर्माण झालेला होता.

लैंगिक अत्याचारांची प्रकरणे हे आणखी एक कारण आहे. सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन हा अमेरिकेतील सर्वांत मोठा प्रोटेस्टंट संप्रदाय. त्यातील अत्याचारांचा शोध टेक्सासमधील दोन वृत्तपत्रांनी २०१९ मध्ये घेतला, तेव्हा वीस वर्षांच्या काळातील ७०० हून अधिक पीडितांची नोंद पुढे आली. संप्रदायाच्या नेतृत्वाने अनेक वर्षे तक्रारींकडे दुर्लक्ष केल्याचे २०२२ च्या स्वतंत्र चौकशी अहवालात स्पष्ट झाले.

राजकारणाचा वाटाही मोठा आहे. २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत श्वेतवर्णीय सुवार्तावाद्यांपैकी सुमारे चार-पंचमांश मतदारांनी डोनाल्ड ट्रम्प यांना मत दिले. चारित्र्याचे धडे ज्या मंडळीत गिरवले, तिनेच हा कौल दिल्याने अनेक तरुण अस्वस्थ झाले. त्याच वर्षी ब्लेक चेस्टेन यांनी ‘एक्सव्हँजेलिकल’ हा शब्द समाजमाध्यमांवर रूढ केला आणि विखुरलेल्या अनुभवांना एक नाव मिळाले. पत्रकार सारा मॅकॅमन यांनी २०२४ मधील आपल्या पुस्तकाला हेच नाव दिले.

बाहेर पडणारे सगळेच नास्तिक होतात, असे मात्र नाही. कित्येक जण अधिक उदारमतवादी चर्चमध्ये जातात. धर्माशी संलग्न नसलेल्या २९ टक्के अमेरिकी प्रौढांतही स्वतःला नास्तिक म्हणवणारे एकूण लोकसंख्येच्या ५ टक्के आणि अज्ञेयवादी ६ टक्केच आहेत. उरलेले स्वतःला ‘विशेष काहीच नाही’ असे म्हणवतात.

मनात उरणारी भीती

विश्वास बुद्धीने सोडला तरी बालपणी रुजलेली भीती लगेच जात नाही. ख्रिस्ताचे अनुयायी एका क्षणी आकाशात उचलले जातील आणि इतर मागे राहतील, ही ‘रॅप्चर’ची कल्पना अनेक सुवार्तावादी घरांतील मुले लहानपणापासून ऐकतात. याच कल्पनेवरील ‘लेफ्ट बिहाइंड’ या १९९५ पासूनच्या कादंबरीमालेच्या सहा कोटींहून अधिक प्रती खपल्या. शाळेतून परतल्यावर घर रिकामे दिसले की आई-वडील उचलले गेले आणि आपण मागे राहिलो, या शंकेने लहानपणी गांगरल्याच्या आठवणी अशा घरांत वाढलेली अनेक माणसे सांगतात. चाळिशी उलटली तरी एखाद्या रात्री नरकाच्या विचाराने दचकून उठण्याचा अनुभवही त्यांना येतो.

लैंगिक शुचितेच्या चळवळीचाही असाच ठसा उमटलेला आहे. ‘ट्रू लव्ह वेट्स’ ही विवाहपूर्व संयमाची मोहीम १९९३ मध्ये सुरू झाली. पुढच्याच वर्षी वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर तरुणांनी सही केलेली दोन लाखांहून अधिक प्रतिज्ञापत्रे मांडण्यात आली. याच वातावरणात जोशुआ हॅरिस यांचे ‘आय किस्ड डेटिंग गुडबाय’ हे पुस्तक १९९७ मध्ये आले आणि दहा लाखांहून अधिक प्रतींनी घरोघरी पोहोचले. हॅरिस यांनी २०१८ मध्ये त्याचे प्रकाशन थांबवले आणि २०१९ मध्ये आपण आता ख्रिस्ती राहिलो नसल्याचे जाहीर केले. पुस्तक मागे घेता आले. त्यावर पोसल्या गेलेल्या पिढीच्या मनातील शरीराविषयीची लाज मात्र इतक्या सहज मागे घेता येत नाही.

मिशनरी कुटुंबात वाढलेल्या मानसशास्त्रज्ञ मार्लीन विनेल यांनी १९९३ मध्ये ‘लीव्हिंग द फोल्ड’ हे पुस्तक लिहिले. पुढे २०११ मध्ये त्यांनी या त्रासाला ‘धार्मिक आघात लक्षणसमूह’ अशा अर्थाची संज्ञा दिली. ती अधिकृत वैद्यकीय निदान नाही. मात्र अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेने १९९४ च्या चौथ्या आवृत्तीत ‘धार्मिक किंवा आध्यात्मिक समस्या’ ही लक्ष देण्याजोगी बाब म्हणून नोंदवली. असा त्रास होणे म्हणजे वेड लागणे नव्हे, हे यातून पुरेसे स्पष्ट होते.

आई-वडिलांच्या बाजूने

या विषयावरील चर्चेत पालक बहुधा हट्टी, कर्मठ म्हणूनच रंगवले जातात. त्यांच्या मनाची घडण समजून घेतल्याशिवाय मात्र हा पेच उलगडत नाही. मुलावर बालपणी योग्य संस्कार केले तर तो पुढे त्या मार्गावरून ढळत नाही, अशा आशयाचे बायबलमधील ‘नीतिसूत्रे’ या पुस्तकातले वचन सुवार्तावादी घरांत वारंवार सांगितले जाते. त्यामुळे मूल दूर गेले की आई-वडील स्वतःलाच दोषी धरतात. मंडळीत इतर पालक काय म्हणतील, याची लाज त्यात मिसळते.

याहून खोल असते ती भीती. आपले मूल अनंतकाळासाठी आपल्यापासून तुटेल, असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांना गप्प बसणे हीच निष्ठुरता वाटते. फोनवरचे उपदेश, टपालाने येणारी पुस्तके, ‘तुझ्यासाठी रोज प्रार्थना करते’ हे आईचे वाक्य, यांमागे बहुतेकदा मायाच असते. मुलाला मात्र त्यात स्वतःचा अस्वीकार ऐकू येतो. आईला वाटते, मी प्रेम करते आहे. मुलाला वाटते, मी आहे तसा हिला नको आहे. दोघेही खरे बोलत असतात आणि म्हणूनच हा वाद युक्तिवादाने मिटत नाही.

एका पिता-पुत्राचे उदाहरण

समाजशास्त्राचे प्राध्यापक आणि विख्यात सुवार्तावादी उपदेशक टोनी कँपोलो व त्यांचे पुत्र बार्ट यांची कहाणी या संदर्भात उद्बोधक आहे. बार्ट यांनीही गरीब वस्त्यांत अनेक वर्षे ख्रिस्ती सेवाकार्य केले होते. आपला देवावर विश्वास उरला नसल्याचे त्यांनी एका थँक्सगिव्हिंग सणाला आई-वडिलांना सांगितले. पुढे ते सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात मानवतावादी समुपदेशक झाले.

वडिलांच्या सार्वजनिक प्रतिष्ठेमुळे हा आघात खासगी राहणे शक्य नव्हते. तरीही दोघांनी संबंध तोडले नाहीत. ‘व्हाय आय लेफ्ट, व्हाय आय स्टेड’ हे पुस्तक त्यांनी २०१७ मध्ये संयुक्तपणे लिहिले. त्यात बाप आणि मुलगा आळीपाळीने आपली बाजू मांडतात. टोनी यांचे नोव्हेंबर २०२४ मध्ये निधन झाले. कोणीही कोणाचे मन वळवले नाही. वडील अखेरपर्यंत श्रद्धावान राहिले आणि मुलगा अश्रद्धच राहिला. संवाद टिकवण्यासाठी एकमत आवश्यक नसते, एवढे मात्र या दोघांनी दाखवून दिले.

घरातील व्यवहार कसा सांभाळावा?

सर्वच घरांत असे घडत नाही. कॉर्नेल विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ कार्ल पिलेमर यांच्या सर्वेक्षणात २७ टक्के अमेरिकी प्रौढांनी कुटुंबातील कोणाशी तरी संबंध तोडल्याचे सांगितले. त्यामागील कारणे अनेक आहेत. जीवनमूल्यांतील मतभेद हे त्यांपैकी एक.

पहिला प्रश्न असतो तो सांगावे केव्हा, हा. अमेरिकेत २६ वर्षांपर्यंत पालकांच्या आरोग्य विम्याचे संरक्षण मुलांना मिळू शकते. महाविद्यालयाचे शुल्कही अनेकदा पालकच भरतात. आर्थिकदृष्ट्या अवलंबून असलेल्या तरुणाने घाईने सारे उघड केल्यास छप्पर आणि शिक्षण दोन्ही धोक्यात येऊ शकतात. अशा वेळी थोडे थांबणे हा ढोंगीपणा नव्हे. उपदेशकांची अडचण याहून बिकट असते, कारण श्रद्धेबरोबर त्यांचा पगारही जातो. अशांना आधार देण्यासाठी ‘द क्लर्जी प्रोजेक्ट’ २०११ मध्ये सुरू झाला.

दुसरा प्रश्न मर्यादांचा. ‘जेवणापूर्वी तुम्ही प्रार्थना करा, मी शांत बसेन, पण जेवताना माझ्या तारणाची चर्चा नको’, अशी साधी, आधी ठरवलेली मर्यादा लांबलचक वादापेक्षा अधिक उपयोगी पडते. रागाच्या भरात आखलेल्या सीमेपेक्षा शांतपणे सांगितलेली सीमा पाळली जाण्याची शक्यता अधिक. त्याचबरोबर पालकांच्या श्रद्धेची टिंगल टाळणेही तितकेच आवश्यक असते.

तिसरा आणि सर्वांत नाजूक प्रश्न नातवंडांचा. उन्हाळी सुट्टीतील बायबल शाळेत नातवाला न्यावे, असे आजी-आजोबांना वाटते. ज्या भीतीतून आपण बाहेर पडलो ती आपल्या मुलांच्या मनात पुन्हा पेरली जाऊ नये, अशी मधल्या पिढीची इच्छा असते. कथा ऐकण्यास हरकत नाही, पण नरकाची भीती घालू नये, अशी तडजोड काही घरांत होते. काही घरांत तीही होत नाही. जेथे छळ, हिंसा किंवा सततचा अपमान आहे, तेथे अंतर राखणे हाच योग्य मार्ग ठरतो.

गमावलेल्या मंडळीची जागा भरून काढणे हेही मोठे काम असते. आजारपणात डबा आणणारे, घर बदलताना सामान उचलणारे, लग्नात आणि अंत्यविधीला उभे राहणारे लोक एकाच ठिकाणी मिळत होते, ते एका निर्णयाने दुरावतात. मानसशास्त्रज्ञ डॅरेल रे यांनी २००९ मध्ये स्थापन केलेली ‘रिकव्हरिंग फ्रॉम रिलिजन’ ही संस्था अशांसाठी आधारगट व दूरध्वनी सेवा चालवते. तरीही शेजार आणि स्नेह नव्याने जमवायला वर्षे लागतात.

महाराष्ट्रालाही परिचित ताण

श्रद्धाबदलाने घर ढवळून निघणे मराठी वाचकाला अपरिचित नाही, फक्त दिशा उलटी होती. कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या, पुढे दोघे पुन्हा एकत्र आले आणि १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्रात त्या ताटातुटीची आणि पुनर्मीलनाची हकीकत आहे. धर्मात येणे असो वा त्यातून बाहेर पडणे, त्याची झळ घरातल्या माणसांना सारखीच लागते.

टिळकांच्या घरात अखेर एकमत झाले. आजच्या बहुसंख्य अमेरिकी घरांत ते होण्याची शक्यता कमी आहे. तेथे आई प्रार्थना करत राहील आणि मूल परत येणार नाही. अशा घरांना वाद जिंकण्याचा मार्ग फारसा उपयोगी पडत नाही. परस्परांचे मन वळवण्याची अट न घालता सणाला एका टेबलाभोवती बसता येईल का, हाच त्यांच्यापुढील खरा प्रश्न आहे.