फोर बाय फोरची खटखट

डॅशबोर्डवरचा एक नॉब फिरवला की आपण एकदम ‘ऑफरोडर’! पण त्या नॉबच्या दुसऱ्या टोकाला नेमकं काय असतं? आमच्या काकांच्या पिकअपचं पोट उघडलं, तेव्हा कळलं...

ऑफिसच्या पार्किंगमध्ये सहज एक चक्कर मारून या. मागच्या दारावर ‘फोर बाय फोर’चा चकचकीत बिल्ला मिरवणारी एखादी तरी गाडी दिसेलच. तिच्या मालकाला विचारा, हे नेमकं कधी वापरायचं? बहुतेक उत्तर येईल, ‘ऑफरोडिंगला, यार!’ गेल्या मे महिन्यापर्यंत माझंही उत्तर हेच होतं. आणि माझी तर स्वतःची गाडीसुद्धा नाही. गाडी काकांची.

काकांची भोर तालुक्यात भातशेती आहे आणि गोठ्यात चार म्हशी. पावसाळ्यात शेतापासून डांबरी रस्त्यापर्यंतचा चढ म्हणजे नुसता लाल चिखल. साध्या गाडीची मागची चाकं तिथे जागच्या जागी गरगरतात. म्हणून त्यांनी सेकंडहँड फोर व्हील ड्राइव्ह पिकअप घेतली. त्यांच्यासाठी ती दुधाच्या किटल्या, खताची पोती आणि भाताची रोपं वाहणारी गाडी. माझ्यासाठी मात्र वीकेंडची! भाटघरच्या बॅकवॉटरला कॅम्पिंग, मागे सगळी गँग, आणि स्टिअरिंगवर अर्थातच मी.

नॉब ‘टू एच’वरून ‘फोर एच’वर नेला की डॅशबोर्डवर हिरवा दिवा लागायचा. तो दिवा मला जाम आवडायचा. इतका, की कच्चा रस्ता संपला तरी मी तो बंद करायचे नाही. कापूरहोळ, हायवे, कात्रज... थेट पुण्यापर्यंत दिवा सुरू. वळणावर स्टिअरिंग जड व्हायचं, गाडी अडखळल्यासारखी वाटायची. मला वाटायचं, दणकट गाडी आहे, अशीच चालत असेल!

मेच्या शेवटी वळवाचा पाऊस पडून गेल्यावर काका खताची पोती भरून तो चढ चढत होते. मी शेजारी बसले होते. आणि सीटच्या खालून आवाज आला, खट्ट... खट्ट खट्ट! कुणीतरी खालून हातोडी मारावी तसा. गाडी थांबली. काका एवढंच म्हणाले, ‘‘पंधरा दिवसांवर पाऊस आलाय गं.’’ ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

उस्ताद म्हणाले, ‘खोलून बघू’

एका मोठ्या वर्कशॉपने गाडीखाली एक टॉर्च मारला आणि निकाल दिला, ट्रान्स्फर केस गेली, पूर्ण युनिट बदला. आकडा ऐकून काकांनी चहासुद्धा घेतला नाही. मग ओळखीतून नाना पेठेजवळचे एक उस्ताद सापडले. वय साठीच्या पुढे, हात कायम डिझेलमध्ये. ते जुन्या महिंद्रा जीपवर काम शिकलेले. त्या जीपच्या ट्रान्स्फर केसमध्ये चेन नसायचीच, सगळे नुसते गिअर.

त्यांनी आधी गाडी मागच्या मातीच्या मैदानात नेली. ‘टू एच’मध्ये चालवली, आवाज नाही. ‘फोर एच’मध्ये टाकून ॲक्सिलरेटर दाबला, लगेच खट्ट! ‘‘म्हणजे गिअरबॉक्स बरा आहे, मागचा डिफरन्शियलही बरा. दुखणं पुढच्या चाकांकडे जाणाऱ्या वाटेवर आहे,’’ उस्ताद म्हणाले. दहा मिनिटांत अर्धं निदान!

ट्रान्स्फर केस म्हणजे गिअरबॉक्सच्या मागे बसवलेला ॲल्युमिनियमचा डबा. इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे जात असतेच. ‘फोर एच’ केलं की आतली एक कॉलर सरकते आणि तीच ताकद एका रुंद पोलादी चेनवरून पुढच्या प्रोपेलर शाफ्टकडेही जाते. सायकलच्या चेनची दांडगी बहीण म्हणा ना! ‘फोर एल’मध्ये आणखी एक गिअरसंच मधे येतो. वेग कमी होतो, जोर वाढतो.

खड्ड्यावर गाडी घेतली. ऑइल काढलं, तर चहाच्या साक्यासारखं काळं, आणि ड्रेन प्लगच्या मॅग्नेटवर लोखंडाच्या चुऱ्याची मिशी. प्रोपेलर शाफ्ट सोडवण्याआधी उस्तादांनी दोन्ही फ्लँजवर रंगाची एकेक रेघ मारली. पुन्हा त्याच जागी बसला नाही, तर बॅलन्स बिघडून गाडी थरथरू शकते. मग वायरी काढल्या, खाली जॅक लावला आणि तो जड डबा दोघांनी अलगद उतरवला. बोल्ट निघाले तरी दोन भाग सुटेनात. मी स्क्रू ड्रायव्हर पुढे केला, तर उस्तादांनी हात धरला. त्या घासून सपाट केलेल्या कडेवर एक ओरखडा पडला, की आयुष्यभर ऑइल गळणार. त्यासाठी बाजूला खास खाच असते. तिथे पट्टी घालून थोडंसं उचकटलं, की काम झालं.

आत चेन लोंबत होती. अक्षरशः! चेन ‘ताणते’ म्हणतात, पण लोखंड ताणत नाही. प्रत्येक कडीची पिन थोडीथोडी झिजते, आणि तेवढं तेवढं मिळून चेन लांब होते. मग जोर आला, की ती स्प्रॉकेटच्या दातांवरून उडी मारते. तोच तो खट्ट.

चेन तुझी, टायर माझे

‘‘ही डांबरी रस्त्यावर फोर बाय फोरमध्ये कोण चालवतं?’’ उस्तादांनी विचारलं. काका माझ्याकडे बघत नव्हते, हे विशेष.

वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. पण ‘फोर एच’मध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरायला बांधलेले. चिखलात चाक जरासं घसरतं आणि हिशोब मिटतो. कोरड्या डांबरावर घसरायला वाव नाही, म्हणून सगळा पीळ चेन, गिअर आणि जॉइंटवर बसतो. स्टिअरिंग जड व्हायचं ते याचमुळे. दणकट वगैरे काही नाही!

पण उस्तादांनी काकांनाही सोडलं नाही. मागचे दोन टायर नवे, पुढचे गुळगुळीत. घेर वेगळा, म्हणजे सरळ रस्त्यावरसुद्धा तोच पीळ. शिवाय ब्रीदरची नळी चिखलाने बुजलेली. गरम हवेला वाट न मिळाल्याने तिने ऑइल सीलमधून ऑइल बाहेर ढकललेलं.

चेन बदलली. स्प्रॉकेटचे दात वाकलेले होते, म्हणून दोन्ही स्प्रॉकेटही. जुन्या दातांवर नवी चेन चढवली, तर तीही लवकर जाते. कॉलर सरकवणाऱ्या फोर्कचे घासलेले पॅड, एक आवाज करणारं बेअरिंग आणि झाडून सगळे ऑइल सील नवे. केस आणि बाकीचे गिअर मात्र ठणठणीत! पूर्ण युनिट भंगारात टाकायची गरजच नव्हती.

बिल आलं तेव्हा मी पर्स काढली. काका म्हणाले, ‘‘चेन तुझी, टायर माझे.’’ एवढ्यावर हिशोब संपला.

जुलैत गावी गेले, तेव्हा लावणी सुरू होती. मागे रोपांच्या जुड्या, समोर तोच लाल चढ. काकांनी किल्ली माझ्याच हातात दिली. नॉब फिरवला, दिवा लागला, गाडी एका दमात वर. कान सीटखाली लावून बसले होते, पण आवाज नाही. वर डांबर लागलं आणि काकांनी काही म्हणायच्या आत मी नॉब मागे फिरवला. हिरवा दिवा विझला. बरं वाटलं.

तुमच्याकडेही फोर बाय फोर आहे? मग हे बघाच

* गाडी ‘पार्ट टाइम’ आहे की ‘फुल टाइम’, मॅन्युअलमध्ये वाचा. मधला डिफरन्शियल नसेल, तर कोरड्या डांबरावर टू व्हील ड्राइव्हच.
* चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखेच झिजलेले हवेत.
* ट्रान्स्फर केसचं ऑइल वेगळं असतं. मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच आणि वेळेवर घाला.
* खोल पाण्यातून गाडी काढली असेल, तर ऑइल तपासा. दुधाळ दिसलं, तर पाणी शिरलंय.
* फक्त ‘फोर एच’मध्ये खटखट येते? थांबा, आधी एखाद्या जाणत्या मेकॅनिकला दाखवा. डबा बदलण्याआधी तो उघडून बघायला सांगा.