आकाश सगळ्यांचं, पण मोजमाप कोणाचं?

आजचा विषय विज्ञानाचा आहे. पण मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, तेव्हा प्रश्न त्याच अंगाने विचारतो. ज्या देशात शाळेला छप्पर नाही, त्याने सूर्यावरची वादळं मोजण्यात पैसा का घालावा? प्रश्न रास्त आहे. ‘विज्ञान हवंच’ असं म्हणून तो उडवून लावता येणार नाही.

आधी वस्तुस्थिती बघू. सूर्याकडून नुसता प्रकाश येत नाही, विद्युतभारित कणांचा झोतही सतत येत असतो. त्याला सौरवारा म्हणतात. सूर्यावर मोठा उद्रेक झाला की हा झोत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर आदळतो. १३ मार्च १९८९ रोजी अशाच वादळाने कॅनडातल्या क्यूबेक प्रांताची वीज सुमारे ९ तास गेली. साठ लाख लोक अंधारात होते.

तुम्ही म्हणाल, हे ध्रुवाजवळच्या देशांचं दुखणं. तसं नाही. पृथ्वीला एक चुंबकीय विषुववृत्तही आहे. ते पेरू, नायजेरिया, इथिओपिया आणि आपल्या दक्षिण टोकावरून जातं. या रेषेवर, साधारण शंभर किलोमीटर उंचीवर, दिवसा विजेचा एक जोरदार प्रवाह वाहतो. त्याला इलेक्ट्रोजेट म्हणतात. शिवाय या पट्ट्यात सूर्यास्तानंतर वरच्या वातावरणात बुडबुडे उठावेत तशी खळबळ होते आणि उपग्रहांचे संदेश डळमळतात. म्हणजे जीपीएसला सगळ्यात जास्त त्रास कुठे? जिथे बहुतेक विकसनशील देश आहेत तिथे. आणि हे पॅरिसमध्ये बसून जमिनीवरून मोजता येत नाही. त्यासाठी यंत्र इथेच लावावं लागतं.

म्हणून थुंबा. केरळातलं हे मच्छीमारांचं गाव चुंबकीय विषुववृत्ताजवळ आहे, याच कारणाने ते निवडलं गेलं. २१ नोव्हेंबर १९६३ला तिथून पहिलं रॉकेट उडालं. रॉकेट अमेरिकेचं, त्यातलं सोडियम वाफेचं उपकरण फ्रान्सचं, आणि तळाच्या उभारणीत सोव्हिएत संघाचीही मदत. शीतयुद्ध चालू होतं बरं का! २ फेब्रुवारी १९६८ला इंदिरा गांधींनी हा तळ संयुक्त राष्ट्रांना अर्पण केला. इथे भारताने नुसता हात पसरला नव्हता. जागा आपण दिली, आणि शिकलोही आपण.

हाच विचार पुढे रीतसर मांडला गेला. १९५७-५८च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात साठाहून अधिक देशांनी एकत्र मोजमापं घेतली. १९९१पासून संयुक्त राष्ट्रांनी विकसनशील देशांसाठी मूलभूत अवकाशविज्ञानाच्या कार्यशाळा सुरू केल्या. पहिली बंगळुरूला झाली. २००७च्या आंतरराष्ट्रीय सौरभौतिकी वर्षात एक साधा करार ठरला. यंत्र किंवा त्याचा आराखडा एका देशाने द्यायचा; जागा, वीज आणि माणसं दुसऱ्याने. नोंदी मात्र दोघांच्या. जपानच्या क्यूशू विद्यापीठाचे चुंबकमापक आफ्रिकेत बसले, ते याच रीतीने.

आता खरा मुद्दा. नोंद असणं म्हणजे ज्ञान असणं नव्हे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचं उदाहरण घ्या. सप्टेंबर १८५९मधलं प्रचंड सौरवादळ तिथल्या यंत्रांनी टिपलं. चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरलं. पुढे विजेच्या ट्राम येणार म्हणून हे काम अलिबागला हललं, नोंदी जपल्या गेल्या. त्या वादळाची ताकद किती होती याचा हिशेब त्या नोंदींवरून मांडणारा शोधनिबंध प्रसिद्ध झाला २००३ साली. लेखक अमेरिका, ब्राझील आणि भारत इथले. दीडशे वर्षं जवळजवळ कागद आपल्या कपाटात होता. त्याला प्रश्न विचारणारी माणसं तयार झाली, तेव्हा तो बोलला.

म्हणून सहकार्य तपासायचं कसं? यंत्रं किती आली हे मोजू नका. तीन गोष्टी विचारा. नोंदी स्थानिक विद्यार्थ्याच्या हाती येतात का? यंत्र बिघडलं तर ते दुरुस्त करणारं माणूस गावात आहे का? आणि पुढचा प्रश्न कोणता, हे ठरवताना त्या देशाचा माणूस बैठकीत असतो का? तिन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल, तर तो देश सहकारी नाही, नुसता खांब आहे. त्यावर दुसऱ्याचं यंत्र टांगलंय.

हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. तिचं तात्पर्य आपण असं काढतो की, प्रत्येकाला सत्याचा तुकडाच कळतो. ते खरंच आहे. पण ज्याने पाय चाचपला, त्याला ‘तू फक्त माप सांग, हत्ती कसा आहे ते आम्ही ठरवू’ असं म्हटलं तर? गरीब देशाने विज्ञानात पैसा का घालावा, याचं माझं उत्तर तिथे आहे. पाय चाचपायला तर तो देश लागणारच आहे. हत्तीबद्दल बोलायचा हक्क मात्र शिक्षणावर खर्च केल्याशिवाय मिळत नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ.