कोऱ्या जीनचं माप

मांजरपाट किंवा खादी शिंप्याकडे नेली की तो टेप काढायच्या आधी विचारायचा, "पाण्यातून काढलंय का?" नसेल काढलं, तर कापड घेऊन घरी परत. रात्रभर बादलीत बुडवायचं, सावलीत वाळवायचं आणि मगच त्याला कात्री लागायची. सुती कापड आटतं हे आपल्याकडे कोणाला शिकवावं लागत नसे. जाड्याभरड्या कापडाचं 'डंगरी' हे जगभर पोचलेलं नाव तर मुंबईच्या डोंगरीवरूनच पडलेलं. पण तयार कपड्यांच्या सवयीत शिंप्याचा तो प्रश्न मागे पडला, आणि आता कोरी, वजनदार जीन हौसेनं मागवणाऱ्या तरुणांना तो पुन्हा आठवावा लागतोय, बहुतेकदा पहिल्या धुण्यानंतर.

कोरी जीन म्हणजे मागावरून उतरलेलं कापड न धुता शिवलेली. जपानमधल्या ओकायामा प्रांतातलं कोजिमा हे या कामाचं नावाजलेलं ठिकाण. डेनिमचं वजन चौरस यार्डाला किती औंस, असं मोजतात. रोजच्या वापरातली जीन साधारण 10 ते 13 औंसांची असते, हौशी लोक 21 किंवा 25 औंसांची घेतात. 21 औंस म्हणजे चौरस मीटरला सुमारे 710 ग्रॅम. विणताना उभा धागा तुटू नये म्हणून त्याला खळ दिलेली असते, ती अजून अंगात असल्यामुळे नवी पँट फरशीवर ठेवली तर माणसासारखी उभी राहते.

ती आटते का? पावसाळ्यात गोठ्यातलं दावं भिजलं की गाठ अशी आवळते की दातानंही सुटत नाही. तेच डेनिममध्ये घडतं. कापसाचा तंतू पाणी पितो तेव्हा जाडीला चांगलाच फुगतो, लांबीला मात्र जवळजवळ वाढत नाही. डेनिमच्या विणीत उभा निळा धागा तीन आडव्या धाग्यांवरून आणि एकाखालून जातो. आडवे धागे फुगून जाड झाले की उभ्या धाग्याला वळसा मोठा घ्यावा लागतो. त्याची स्वतःची लांबी तर वाढत नाही, मग तो आडव्या धाग्यांनाच एकमेकांजवळ ओढून घेतो आणि कापड आखूड होतं. त्यातच मागावर उभा धागा सतत ताणून धरलेला असतो. तो ताण कापडात अडकून राहतो आणि पाणी लागताच सुटतो. म्हणून जीन रुंदीपेक्षा लांबीत जास्त आटते. वाळल्यावर तंतू पुन्हा बारीक होतात, पण दाट बसलेले धागे घर्षणामुळे जागचे हलत नाहीत.

कच्च्या कापडाची लांबीतली ही घट 7 ते 10 टक्क्यांपर्यंत जाते. 36 इंच लांबीचा पाय 10 टक्के आटला तर उरतात 32.4 इंच. मला याहून गंमत वाटते ती वजनाची. लांबी 10 आणि रुंदी 3 टक्के घटली, तर 21 औंसांचं कापड धुतल्यावर जवळपास 24 औंसांचं होतं. निघून गेलेल्या खळीमुळे यातला थोडा भाग कमी होईल, एवढंच. सूत तेच असतं, फक्त कमी जागेत मावतं.

आटण्यावरचा उपाय अमेरिकेतल्या ट्रॉय शहरात, शर्टाच्या कॉलरींच्या धंद्यात निघाला. सॅन्फर्ड क्लुएट यांनी 1930च्या सुमारास अशी युक्ती काढली की ओलसर कापड जाड लवचिक पट्ट्यावर दाबायचं. पट्टा रुळावरून वळताना त्याची बाहेरची बाजू ताणली जाते आणि सरळ होताना आखडते, तेव्हा तिच्यासोबत कापडही आखडतं. पाणी जे नंतर करणार, ते यंत्र आधीच करून ठेवतं. जुन्या गिरणी-कापडांवरचा 'सॅन्फोराइज्ड' हा शब्द ज्येष्ठ वाचकांना आठवेल, तो याच क्लुएट यांच्या नावावरून आला. अशी जीन पुढे फार तर 1 ते 3 टक्के आटते. लिव्हाइसची न आटवलेली 501 मात्र आजही 'आटून अंगाला बसणारी' म्हणूनच विकली जाते.

कमरेचं गणित निराळं आहे. पट्टा बऱ्याचदा उभ्या धाग्याच्या दिशेनं कापलेला असतो, म्हणून तोही आटतो, पण रोजच्या बसण्या-उठण्यानं घट्ट झालेली कंबर बरीचशी सैल होते. पायांची लांबी तशी परत येत नाही. जाड कापडाची आणखी एक खोच आहे. पट्टा दुपदरी असतो. त्याची जाडी 2 मिलिमीटर धरली, तर आतला घेर बाहेरच्यापेक्षा साडेबारा मिलिमीटरनं, म्हणजे अर्ध्या इंचानं कमी भरतो. आणि लेबलवरचा 32 हा आकडा 32 इंच असेलच, याची खात्री कोणीही देत नाही. तेव्हा आकड्यावर विसंबू नका. तुमची अंगाला नीट बसणारी जुनी पँट जमिनीवर पसरा, कंबर, मांडी आणि आतल्या शिवणीची लांबी टेपनं मोजा, आणि ती मापं दुकानदाराच्या मापांशी ताडून पाहा.

कोरी जीन महिनोन्महिने धुवायचीच नाही, असा एक पंथ आहे. न आटवलेल्या कापडापुरतं तरी मला ते पटत नाही. नीळ सुताच्या पृष्ठभागावरच बसते आणि जिथे घडी पडते तिथे घासून उडते. गुडघ्यामागच्या रेषा आधी उमटल्या आणि जीन नंतर आटली, तर त्या वर सरकून भलतीकडे जाऊन बसतात. म्हणून घालायच्या आधीच तिला उलटी करून कोमट पाण्यात तासभर बुडवा. पाणी निळसर होईल, खळीनं बुळबुळीत लागेल. पिळू नका, तशीच टांगा. आधी पायावर बॉलपेननं आतल्या बाजूला 20 सेंटिमीटरची रेघ मारून ठेवलीत, तर वाळल्यावर ती मोजून तुमचं कापड नेमकं किती आटलं ते कळेल.

पाय लांब वाटले तरी शिंप्याकडे धावू नका. खालून दुमडून घाला, दोन धुणी होऊ द्या आणि मगच कापायला सांगा.