दीर्घकाळ बंद राहिलेल्या मोटारसायकलीच्या इंजिनातील बिघाड

अनेक महिने किंवा वर्षे न वापरलेल्या मोटारसायकलीचे इंजिन सुरू न होणे, सुरू होऊन लगेच बंद पडणे किंवा अडखळत चालणे हे सर्वत्र आढळणारे बिघाड आहेत. पेट्रोल इंजिन चालण्यासाठी हवा व इंधन यांचे योग्य मिश्रण, योग्य वेळी पडणारी ठिणगी आणि सिलिंडरमधील पुरेसा दाब या तीन गोष्टी आवश्यक असतात. वाहन उभे असताना या तिन्हींवर परिणाम होतो. त्यांतील बरेचसे दोष अल्प खर्चात दूर होतात. तपासणी न करता इंजिन जोराने फिरवल्यास मात्र त्यांचे रूपांतर मोठ्या हानीत होऊ शकते. २५ मार्च २०२० पासून भारतात लागू झालेल्या टाळेबंदीत असंख्य दुचाकी दीर्घकाळ उभ्या राहिल्या आणि हा प्रश्न घरोघरी जाणवला.

कारणे

इंधन : पेट्रोलमधील हलके घटक उडून जातात आणि उरलेले घटक हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून चिकट, डिंकासारखा थर तयार करतात. कार्ब्युरेटरमधील जेटची छिद्रे अतिशय बारीक असल्याने ती या थराने बुजतात. भारतात जून २०२२ मध्ये पेट्रोलमधील इथेनॉलचे सरासरी प्रमाण १० टक्क्यांवर पोहोचले आणि फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के मिश्रणाची विक्री सुरू झाली. इथेनॉल हवेतील आर्द्रता शोषून घेते. पाण्याचे प्रमाण मर्यादेबाहेर गेल्यास पाणी व इथेनॉल यांचा वेगळा थर टाकीच्या तळाशी बसतो. या थरामुळे टाकी आतून गंजते, आणि इंजिनाकडे सर्वप्रथम तोच थर जातो.

वंगण : इंजिन बंद असताना तेल हळूहळू तळाशी ओघळते आणि सिलिंडरची भिंत कोरडी पडते. कोकणासारख्या दमट हवेत तेथे गंज धरतो. पिस्टन रिंग चिकटतात किंवा झडप उघड्या स्थितीत अडकते.

विद्युतप्रणाली : शिसे-आम्ल बॅटरी वापराविना आपोआप उतरते. ती तशीच राहिल्यास तिच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि तिची क्षमता कायमची घटते. जुन्या बुलेटसारख्या वाहनांत काँटॅक्ट पॉइंटवर ऑक्साइडचा थर चढून ठिणगी क्षीण होते.

बाह्य अडथळे : उंदीर एअर फिल्टरच्या डब्यात घरटे करतात व तारा कुरतडतात, कुंभारीण माशी सायलेन्सरच्या तोंडाशी मातीचे घर बांधते.

तपासणीचा क्रम

किक मारण्यापूर्वी इंजिन तेलाची पातळी व वास तपासला जातो. पातळी वाढलेली असून तेलाला पेट्रोलचा वास येत असल्यास कार्ब्युरेटरमधील फ्लोटची सुई अडकून पेट्रोल इंजिनात उतरलेले असते. पातळ झालेल्या तेलावर इंजिन चालवल्यास बेअरिंग खराब होतात. म्हणून आधी सुईचा दोष काढून तेल बदलणे आवश्यक ठरते.

त्यानंतर स्पार्क प्लग काढून त्या छिद्रातून लहान चमचाभर इंजिन तेल सिलिंडरमध्ये सोडतात व काही तास थांबतात. मग वरचा गिअर टाकून मागचे चाक हाताने सावकाश फिरवले जाते. इंजिन फिरत नसल्यास पिस्टन जाम झालेला असतो. अशा वेळी बळ लावल्याने पिस्टन, रिंग किंवा कनेक्टिंग रॉड यांना इजा होते.

इंजिन मोकळे असल्यास बॅटरी तपासली जाते. पूर्ण चार्ज झालेली १२ व्होल्टची बॅटरी विश्रांत अवस्थेत सुमारे १२.६ व्होल्ट किंवा अधिक दाब दाखवते. १२ व्होल्टपेक्षा कमी दाब म्हणजे ती जवळपास उतरलेली असते. ठिणगी पाहण्यासाठी प्लग टोपीत बसवून त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या धातूला टेकवतात. ही चाचणी प्लगच्या छिद्रापासून व उघड्या पेट्रोलपासून दूर करणे आवश्यक आहे, कारण पेट्रोलची वाफ ठिणगीने पेट घेते.

शेवटी टाकीतील व फ्लोटच्या वाटीतील जुने पेट्रोल काढून पारदर्शक काचपात्रात पाहिले जाते. तळाशी वेगळा थर किंवा गंजाचे कण दिसल्यास टाकी व इंधनमार्ग स्वच्छ करावे लागतात. जेट पितळेचे असल्याने तारेने टोकरल्यास छिद्र मोठे होते व मिश्रणाचे प्रमाण बिघडते; त्यासाठी कार्ब्युरेटर क्लीनर व दाबाखालील हवा वापरतात.

लक्षणे व संभाव्य दोष

• केवळ चोक ओढल्यावरच इंजिन चालणे : पायलट जेट बुजलेला असणे.
• काही मिनिटे चालून बंद पडणे व टाकीचे झाकण उघडल्यावर पुन्हा सुरू होणे : झाकणातील हवेचे छिद्र बंद असणे.
• किक प्रतिकाराविना खाली जाणे : झडप किंवा रिंग अडकून दाब न बनणे.
• प्रारंभी पांढरा धूर येऊन थांबणे : सायलेन्सरमधील ओलावा, हा दोष मानला जात नाही.
• निळा धूर सतत येत राहणे : रिंग किंवा झडपेच्या सीलमधून तेल जळणे.

इंजिनाच्या प्रकारानुसार फरक

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांनंतर बहुतेक मोटारसायकलींत इंधन अंतःक्षेपण प्रणाली आली. तीत चोक नसतो. चावी फिरवल्यावर इंधनपंपाचा क्षणभर ऐकू येणारा आवाज न आल्यास प्रथम बॅटरी व फ्यूज तपासले जातात.

दोन-स्ट्रोक इंजिनांत क्रँकशाफ्टचे रबरी सील कडक होऊन त्यांतून जादा हवा आत शिरते. मिश्रणात पेट्रोल कमी पडल्याने इंजिन अतितप्त होते व पिस्टन जाम होऊ शकतो.

प्रतिबंध

वाहन दीर्घकाळ ठेवण्यापूर्वी तेल बदलणे, धातूची टाकी ताज्या पेट्रोलने भरणे, पेट्रोल कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा करणे आणि बॅटरी वेगळी करून ठरावीक काळाने चार्ज करणे हे उपाय प्रचलित आहेत. अधूनमधून इंजिन दोन-चार मिनिटे जागेवर चालवणे पुरेसे नसते. ते पूर्ण तापत नसल्याने ज्वलनातून निर्माण होणारे पाणी तेलात व सायलेन्सरमध्ये साठून राहते. बंद खोलीत इंजिन चालवणे प्राणघातक ठरू शकते, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग किंवा वास नसतो.