राखणारे, छापणारे आणि कायदा : जॅझच्या तबकड्यांची कहाणी

१९२३ सालचा एप्रिल. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातील रिचमंड गावात, एका पियानो कारखान्याच्या आवारात, रेल्वेरुळांना लागून जेनेट कंपनीचा स्टुडिओ होता. गाडी धडधडत आली की ध्वनिमुद्रण थांबवावे लागे. शिकागोहून आलेल्या किंग ऑलिव्हरच्या बँडने तिथे एका मोठ्या कर्ण्यापुढे उभे राहून वाजवले. मायक्रोफोनवरचे मुद्रण रुळायला अजून दोन वर्षे होती. बँडमध्ये दुसरा कॉर्नेट वाजवणारा एकवीस वर्षांचा तरुण म्हणजे लुई आर्मस्ट्राँग, आणि हे त्याचे पहिले ध्वनिमुद्रण. जेनेटने त्याच वर्षी मुद्रित केलेल्या या बँडच्या एका तबकडीची आज जगात एकच प्रत माहीत आहे. ती कुणी जपली नसती, तर तिच्या दोन्ही बाजूंचे वादन कायमचे गेले असते.

जॅझमध्ये तबकडीला इतके मोल का, हे मराठी रसिकाला चटकन उमजेल. बंदिश कागदावर उतरवता येते, गायकी उतरवता येत नाही. जॅझचा वादकही ओळखीची धून घेतो आणि तिच्या स्वरसंगतींवर त्या क्षणी सुचेल ते रचतो. दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा तसे वाजत नाही. नोटेशनमध्ये धून उरते, जॅझ उरतो तो तबकडीत. म्हणून तबकडी कोणी जपली, कोणी छापली आणि ती ऐकवण्याचा हक्क कोणाचा, हे प्रश्न या संगीताच्या इतिहासाशी थेट जोडलेले आहेत.

कान आणि मॅट्रिक्स क्रमांक

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे संगीत मावे. कंपन्यांच्या लेखी हा हंगामी माल होता. खप ओसरला की तबकडी यादीतून बाद. १९३०च्या दशकात अमेरिकेत आणि युरोपात काही हौशी मंडळी जुन्या सामानाची दुकाने आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतली घरे धुंडाळू लागली. लेबलवर बँडचे नाव असे, वादकांची बहुधा नसत. मग ट्रम्पेट कोणाचा, क्लॅरिनेट कोणाची हे कानाने ओळखायचे, हयात वादकांना गाठून विचारायचे आणि लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्टीत कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक वाचायचा. या क्रमांकावरून ध्वनिमुद्रण केव्हाचे आणि कितवा टेक, म्हणजे त्याच गाण्याचे कितवे मुद्रण, याचा माग लागतो. एकाच गाण्याचे दोन टेक म्हणजे दोन वेगळे सोलो, त्यामुळे संग्राहकाला दोन्ही हवे असतात.

या खटाटोपातून एक शास्त्र उभे राहिले. १९३६ साली पॅरिसमध्ये शार्ल दलोने यांची ‘हॉट डिस्कोग्राफी’ निघाली, तर पुढे ब्रिटनच्या ब्रायन रस्ट यांनी १८९७ ते १९४२ या काळातल्या जॅझ ध्वनिमुद्रणांची विस्तृत सूची केली. न्यूयॉर्कमध्ये कमोडोर म्युझिक शॉप चालवणाऱ्या मिल्ट गेबलर यांनी बाद झालेल्या तबकड्या कंपन्यांकडून रीतसर पुन्हा छापून घेतल्या आणि लेबलवर वादकांची नावे छापली. १९३९ साली कोलंबिया कंपनीने नाकारलेले गायिका बिली हॉलिडेचे ‘स्ट्रेंज फ्रूट’ गेबलर यांच्याच कमोडोर लेबलवर आले.

मग युद्ध आले. तबकडीचे मिश्रण बांधून ठेवणारी लाख मुख्यतः भारतातून अमेरिकेत जात असे. १९४२ मध्ये तिथे लाखेच्या वापरावर निर्बंध आले, आणि नव्या तबकड्यांसाठी जुन्या तबकड्या भंगारात गोळा होऊ लागल्या. किती दुर्मीळ मुद्रणे त्यात दळली गेली याचा हिशेब नाही. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून अमेरिकी वादकांच्या संघटनेने मानधनाच्या प्रश्नावर ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला, आणि काही मोठ्या कंपन्यांशी तो दोन वर्षांहून अधिक काळ टिकला. नेमक्या याच काळात बीबॉप ही नवी शैली घडत होती. तिच्या उगमाचा कानोसा घ्यायचा तर हौशी लोकांच्या मुद्रणांकडेच वळावे लागते. कोलंबिया विद्यापीठाचा विद्यार्थी जेरी न्यूमन याने १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या मिंटन्स प्लेहाउस या क्लबमध्ये गिटारवादक चार्ली ख्रिश्चनचे वादन मुद्रित केले. पुढच्याच वर्षी ख्रिश्चन वारला.

चाच्यांचा झेंडा

जपणाऱ्यांच्या पाठोपाठ छापणारेही आले. १९५०च्या सुमारास दान्ते बोलेटिनो या न्यूयॉर्कच्या तरुणाने आर्मस्ट्राँग, जेली रोल मॉर्टन यांच्या बाजारातून नाहीशा झालेल्या मुद्रणांच्या एलपी विनापरवाना काढल्या. लेबलचे नाव ‘जॉली रॉजर’, म्हणजे समुद्री चाच्यांचा झेंडा. १९५१ मध्ये ‘द रेकॉर्ड चेंजर’ या मासिकाने उघडकीस आणले, की या एलपी आरसीए व्हिक्टरच्याच कारखान्यात छापल्या जात होत्या, आणि त्यांत व्हिक्टरची स्वतःची जुनी मुद्रणेही होती. बाहेरच्यांच्या ऑर्डरी छापून देणाऱ्या विभागाला आपलाच माल ओळखू आला नाही. १९५२ मध्ये कोलंबिया कंपनी आणि खुद्द आर्मस्ट्राँग न्यायालयात गेले आणि जॉली रॉजर बंद पडले.

आर्मस्ट्राँगची बाजू रास्त होती. त्याच्या फुंकरीवर कुणीतरी पैसे मिळवत होते आणि त्याला त्यातले काही मिळत नव्हते. पण ज्या तरुण श्रोत्याला मॉर्टन ऐकायचा होता, त्याच्यासाठी कंपन्यांनी तरी काय ठेवले होते? जपणूक आणि चोरी यांच्यामधली ही रेघ आजही तितकीच नाजूक आहे.

दोन हक्क, एक कुलूप

एका तबकडीवर दोन हक्क असतात. पहिला रचनेचा, म्हणजे धून आणि शब्दांचा. दुसरा त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा. पहिल्या हक्काने जॅझ घडवलासुद्धा. नोव्हेंबर १९४५ मध्ये सॅव्हॉय कंपनीसाठी सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर ‘चेरोकी’ या गाण्याच्या स्वरसंगतींवर वाजवत होता. मूळ धून वाजली की तिच्या रचनाकाराला पैसे देणे आले; नुसत्या स्वरसंगतींवर मात्र कुणाचा हक्क नसतो. पार्करने धून वगळली आणि जन्मला ‘को-को’. पहिल्या, अपुऱ्या टेकमध्ये ‘चेरोकी’ची धून सुरू होते आणि मध्येच थांबवली जाते. हा टेक टिकला म्हणून ही घडण आज ऐकता येते.

दुसऱ्या हक्काची गोष्ट दुःखद आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने ध्वनिमुद्रणाला संरक्षण दिले ते १५ फेब्रुवारी १९७२ पासून. त्याआधीची सगळी मुद्रणे राज्याराज्यांच्या कायद्यांवर सोडली गेली, आणि तो हक्क २०६७ पर्यंत चालेल अशी तरतूद झाली. १८९०च्या दशकातल्या मेणाच्या नळकांड्यांवरच्या मुद्रणांचासुद्धा! टिम ब्रुक्स यांनी लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. १८९० ते १९६४ मधल्या महत्त्वाच्या मुद्रणांपैकी हक्कदारांनी पुन्हा उपलब्ध केलेली सरासरी १४ टक्के, तर हक्क नसलेल्या इतरांनी काढलेली २२ टक्के. हक्क एकाकडे आणि काळजी दुसऱ्याला, हेच या आकड्यांतून दिसते.

हे कुलूप कसे आड येते याचे एक उदाहरण पाहा. बिल सॅव्हरी या ध्वनितंत्रज्ञाने १९३५ ते १९४० दरम्यान न्यूयॉर्कमध्ये रेडिओवरचे जॅझ कार्यक्रम मोठ्या तबकड्यांवर मुद्रित केले होते. तीन मिनिटांची मर्यादा नसल्याने कोलमन हॉकिन्ससारखे वादक त्यांत मोकळेपणी फुलताना ऐकू येतात. सुमारे हजार तबकड्यांचा हा ठेवा २०१० मध्ये हार्लेमच्या राष्ट्रीय जॅझ संग्रहालयाकडे आला, तोवर त्यातल्या काही पार खराब झाल्या होत्या. उरलेल्या स्वच्छ केल्या, तरी हक्कांचा गुंता सुटेना. निवडक मुद्रणे सर्वांसाठी खुली व्हायला २०१६ उजाडले.

२०१८ च्या नव्या कायद्याने अमेरिकेतले कुलूप थोडे सैल झाले. १९२२ पर्यंतची मुद्रणे १ जानेवारी २०२२ रोजी सर्वांची झाली, आणि १९२३ ते १९४६ मधली शंभर वर्षांनी मुक्त होतात. त्यामुळे रिचमंडच्या त्या स्टुडिओतला आर्मस्ट्राँग १ जानेवारी २०२४ पासून कायद्यानेही जगाचा आहे. युरोपीय संघात ही मुदत पूर्वी ५० वर्षे होती, आता ७० आहे. जुन्या जॅझचे सुबक संच युरोपातून इतके का येत, याचे हे एक मोठे कारण. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे, तर रचनेचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजे तबकडी मुक्त झाली तरी तिच्यावरचे गाणे मुक्त असेलच असे नाही.

आपल्या घरातला जॅझ

हा विषय आपल्याला परका नाही. १९३५ मध्ये लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला, आणि गोव्याच्या वादकांनी हे संगीत आपलेसे केले. हळदोण्याचे अंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, स्वतःचा बँड चालवत, आणि सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’ चित्रपटाच्या (१९५१) संगीतातही त्यांचा हात होता. अशा कित्येक गोमंतकीय वादकांची नावे लेबलवर किंवा श्रेयनामावलीत आली नाहीत. ती शोधण्याचे काम इथेही संग्राहकांवरच पडले आहे. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था जुन्या भारतीय तबकड्यांची नोंद आणि अभ्यास करत आली आहे.

घरातल्या माळ्यावर तबकड्या असतील तर त्या भंगारात देऊ नका. उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका. लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावू नका, लाख त्यात विरघळते. लेबल, कॅटलॉग क्रमांक आणि मॅट्रिक्स क्रमांक लिहून काढा, लेबलचे छायाचित्र घ्या आणि एखाद्या जाणत्या संग्राहकाला किंवा संग्रहालयाला कळवा. त्यांवरचे संगीत लोकांपुढे ठेवण्याआधी दोन्ही हक्क तपासा, आणि वादकाचे नाव माहीत असेल तर ते आवर्जून लिहा. तबकडी तुमच्या मालकीची असली तरी तिच्यावरचे संगीत तुमचे होत नाही. ते जपण्याची जबाबदारी मात्र तुमचीच आहे.