राखेतून वॉर्सा : चित्रकाराला श्रेय किती?

सांगलीच्या एका वाचकानं विचारलं आहे की, दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेलं वॉर्सा जुनी चित्रं समोर ठेवून पुन्हा बांधलं असं सगळीकडे सांगतात, मग तुम्ही आपल्या लेखांत त्या चित्रकाराचं नावसुद्धा कसं घेतलं नाहीत? मुद्दामच घेतलं नव्हतं. या गोष्टीवर माझा जुना राग आहे आणि तो दोन ओळींत निघण्यासारखा नाही.

चित्रकार बेर्नार्दो बेलोत्तो. व्हेनिसचा, प्रसिद्ध कानालेत्तोचा भाचा. मामाचं नाव स्वतःलाही लावून घ्यायचा. १७६८ मध्ये पोलंडचा राजा स्तानिस्वाव्ह आऊगुस्तनं त्याला दरबारी चित्रकार नेमलं आणि १७८० मध्ये तो वॉर्सातच वारला. मधल्या काळात त्यानं शहराचे रस्ते रंगवले, तेही खिडक्या मोजून घ्याव्यात इतके बारकाईनं. ही चित्रं आज राजवाड्यात टांगलेली आहेत आणि मला ती बेहद्द आवडतात. युद्धानंतर ती कामाला आली हेही खरं. मिओदोव्हा रस्त्यावरच्या ब्रानित्स्की वाड्याच्या माथ्यावर जे पुतळे आहेत, ते त्याच्याच चित्रावरून पुन्हा उभे राहिले.

पण प्रवासी ज्या जुन्या बाजारचौकात उभे राहून ही कथा ऐकतात, तो चौक बेलोत्तोनं रंगवलाच नाही! शिवाय तो दरबारचा माणूस. इमारतींची प्रमाणं, तपशील त्याला हवे तसे तो बदलायचा. आणि समजा, बदलले नसते तरी गवंड्याला चित्राचा उपयोग किती? चित्रात दर्शनी बाजू दिसते. भिंतीची जाडी, जिन्याचं वळण, तळघराच्या कमानीची उंची कुठून आणायची?

ती आणली वॉर्सा पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्यांनी. १९२२ मध्ये प्राध्यापक ऑस्कर सोस्नोव्स्की यांनी तिथे पोलिश वास्तुकलेचा विभाग काढला. विद्यार्थ्यांनी जुन्या इमारतींत जाऊन मापं घ्यायची, नकाशे आणि छेद काढायचे, असा त्यांचा शिरस्ता. कंटाळवाणं काम. १९३९ च्या सप्टेंबरात शहराला वेढा पडला, त्यात सोस्नोव्स्की जखमी होऊन दगावले. जर्मन अंमलातही विभागातल्या लोकांनी काम चोरून चालूच ठेवलं. पुढे जर्मनांविरुद्धचा १९४४ चा उठाव मोडल्यावर सुरुंग लावून एकेक इमारत उडवली जात होती, तेव्हा वास्तुविशारद यान झाखवातोविच आणि सहकाऱ्यांनी ही रेखाटनं शहराबाहेर काढली आणि प्योत्रकूफच्या मठात, कबरींमध्ये लपवली. जिवंत माणसाच्या कपाटापेक्षा ती जागा सुरक्षित होती. १९४५ मध्ये ती तिथून निघाली आणि राजधानीच्या पुनर्बांधणीसाठी नेमलेल्या कचेरीत, म्हणजे 'बॉस'मध्ये, कामाला लागली.

आता याची दुसरी बाजू. मापं हाताशी असूनही सगळं जसंच्या तसं बांधलं नाही. घरांच्या मागच्या अंगणांत दाटीवाटीनं चढवलेल्या इमारती वास्तुविशारदांनी बहुतांशी वगळल्या. घरांत उजेड आला. चौकातल्या भिंतींवरची बरीचशी नक्षी १९५३ च्या सुमाराला तेव्हाच्या कलावंतांनी केलेली आहे आणि लोक ती शतकांपूर्वीची समजून फोटो काढतात. मला यात लबाडी दिसत नाही. नव्या भाडेकरूंना मोरी आणि नळ हवे होते, ते मिळाले. फक्त या निवडींचा जाब झाखवातोविच आणि मंडळींना विचारायचा. बेलोत्तोला त्यात ओढू नये.

तरी दंतकथा टिकते, कारण एका इटालियन चित्रकाराचं नाव लक्षात राहतं आणि मापाच्या फितीचं दुसरं टोक धरून उभ्या राहिलेल्या पोरांची नावं कोण सांगणार? २०११ मध्ये युनेस्कोनं 'बॉस'चं दप्तर जागतिक स्मृतीच्या यादीत घेतलं, तेव्हा निदान कागदांचा मान राखला गेला.

वॉर्साला जाणार असाल तर मिओदोव्हावर मान वर करून ते पुतळे जरूर पाहा. मग बाजारचौकात या. वाटाड्यानं बेलोत्तोचं नाव काढलं की सभ्यपणे विचारा, या चौकाचं त्याचं चित्र कुठे लावलंय हो?