टाचेमागील कंडरा तुटते तेव्हा

१२ एप्रिल २०१३ रोजी गोल्डन स्टेट वॉरियर्सविरुद्धच्या सामन्यात लॉस एंजेलिस लेकर्सचा विख्यात बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट चेंडू घेऊन झेपावत असताना कोसळला. त्याच्या डाव्या टाचेमागील कंडरा तुटली होती. तशाही अवस्थेत तो चालत फ्री थ्रोच्या रेषेपर्यंत गेला, दोन्ही चेंडू जाळ्यात टाकले आणि मगच त्याने मैदान सोडले. दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली. मैदानावर परतण्यास मात्र डिसेंबर उजाडला.

या प्रसंगात जिद्द आहेच, परंतु वैद्यकीय बोधही आहे. ही कंडरा पूर्ण तुटल्यावरही इतर स्नायूंच्या आधारे पाऊल थोडेफार हलते, चार पावले चालताही येते. त्यामुळे ‘पाय मुरगळला असेल’ असे समजून शेक व मालीश करण्यात मोलाचे दिवस वाया जातात.

पोटरीचे स्नायू ज्या कंडरेने टाचेच्या हाडाला जोडलेले असतात, तिला अकिलिस कंडरा म्हणतात. ही शरीरातील सर्वांत जाड व बळकट कंडरा होय. तथापि टाचेच्या हाडापासून २ ते ६ सेंटीमीटर वरील भागास रक्तपुरवठा कमी असतो आणि बहुधा तेथेच ती तुटते. बास्केटबॉलमध्ये मागचा पाय रेटून एकाएकी झेप घेताना पोटरीचा स्नायू ताणला जातो व त्याच क्षणी आकुंचनही पावतो. हा दुहेरी भार कंडरेस सोसावा लागतो. पोटरीच्या दुखापतीतून नुकताच परतलेला केव्हिन ड्युरंट १० जून २०१९ रोजी असाच जायबंदी झाला व २०१९-२० चा संपूर्ण हंगाम त्यास मुकावे लागले. २२ जून २०२५ रोजी निर्णायक अंतिम सामन्यात टायरीस हॅलिबर्टनवरही हीच वेळ आली. त्याचीही पोटरी आधीच दुखावलेली होती.

ही दुखापत केवळ व्यावसायिक खेळाडूंचीच नव्हे. एरवी बैठे काम करून सुटीच्या दिवशी अचानक मैदानात उतरणाऱ्या तिशी-चाळिशीतील व्यक्तींतही ती आढळते. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी काही प्रतिजैविके आणि स्टेरॉइड यांमुळेही धोका वाढतो.

मागून कोणी लाथ मारल्याचा भास, ‘फट्’ असा आवाज आणि त्या एका पायाच्या चवड्यावर उभे राहता न येणे, ही प्रमुख लक्षणे होत. रुग्णास पालथे झोपवून पोटरी दाबल्यास निरोगी पायाचे पाऊल खाली झुकते. कंडरा तुटली असल्यास ते तसे झुकत नाही. या साध्या तपासणीस कोणतेही यंत्र लागत नाही.

उपचार शस्त्रक्रियेने अथवा शस्त्रक्रियेविना, बूट किंवा प्लास्टरच्या साहाय्याने करता येतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतील अभ्यासात वर्षअखेरीस दोन्ही पद्धतींचे फलित साधारण सारखेच आढळले. मात्र कंडरा पुन्हा तुटण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेविना ६.२ टक्के, तर शस्त्रक्रियेनंतर ०.६ टक्के होते. उलटपक्षी शस्त्रक्रियेत जंतुसंसर्गाचा व मज्जातंतूंना इजा होण्याचा धोका असतो. मार्ग कोणताही असो, अनेक महिन्यांचा नियमित व्यायाम अपरिहार्य ठरतो.

टाचेमागे अचानक कळ आल्यास चालता येते म्हणून निश्चिंत न राहता त्वरित अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे, एवढीच आमची वाचकांना आग्रहाची विनंती आहे.